चोरीस

श्रीक्षेत्र नारायणगड हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. बीड जिल्ह्यातील हा गड. येथे नगद नारायण महाराजांची समाधी आहे, विठ्ठलाचे मंदिर आहे आणि परिसरातील लोक या स्थानाला 'धाकटी पंढरी' म्हणतात. आषाढीला येथून पालखी पंढरपूरला जाते. पुढे भगवानगड ज्यांच्या नावाने प्रसिद्ध झाला ते भगवानबाबा आधी याच गडावर होते. सभोवती ज्वारी, कापूस आणि पाण्याची सदाची ओढ. दिवाळी उलटली की अर्धे गाव ऊसतोडीला निघून जाते. अशा या मुलखात, गडाच्या आसपासच्या एका गावी, आम्ही महिन्यातून एकदा मिस्सा अर्पण करण्यासाठी जात असू. मिस्सेला तीसएक माणसे, आणि त्यांत बाहेरगावाहून नोकरीनिमित्त आलेली दोन कुटुंबे. त्यांपैकी एका घरात एका शनिवारी जे घडले त्याने आमच्या मनात घर केले. त्याविषयी लिहावे की लिहू नये, याचा आम्ही बराच विचार केला.

घर मास्तरांचे. मास्तर मूळचे वसईचे आणि त्यांच्या पत्नी गोव्याच्या. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या आणि सारे गाव त्यांना 'बाई' म्हणत असे. दुसरे कुटुंब बँकेतल्या एका तरुण अधिकाऱ्याचे. वसईकरांकडे लग्नाच्या पंगतीत डुकराचे मांस असते, हे या पानांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गोव्याकडे त्याचेच चोरीस करून ठेवतात. पावसाळ्यात मासळी मिळेनाशी झाली की चुलीवरच्या दांडीला टांगलेल्या त्या लाल माळेतले दोन मणी काढायचे आणि कांद्यावर परतायचे. तेल घालावे लागत नाही, त्यांचीच चरबी सुटते. आगोटीपूर्वीच्या बेगमीला तिकडे 'पुरुमेंत' म्हणतात आणि सुके मासे, कोकम, मीठ यांच्याबरोबर चोरिसाला तीत मान असतो. बाईंच्या आईने हे सारे मुलीला शिकवले होते, आणि मराठवाड्यात येऊन पडलेल्या या लेकीला वर्षातून एकदा ते केल्याशिवाय चैन पडत नसे.

जानेवारीचा महिना. बुधवारी कोणीतरी पुण्याहून बर्फाच्या पेटीतून पाच किलो मांस आणले होते. बाईंनी त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले (हे मांस यंत्रातून काढून चालत नाही, सुरीनेच चिरावे लागते), त्याला पाव किलो मीठ चोळले आणि वर पाटा ठेवून रात्रभर दाबले. सुटलेले पाणी सकाळी टाकून दिले. मग सुक्या लाल मिरच्या, लसूण, आले, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी आणि हळद हे सारे गोव्याहून आणलेल्या माडाच्या शिरक्यात वाटले. या वाटणात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. त्यामागे मोठे शास्त्र आहे. जर्मनीतील युस्टिनुस केर्नर नावाच्या वैद्याने १८२० च्या सुमारास बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला. त्या विषबाधेचे आजचे वैद्यकीय नाव 'बोट्युलिझम' हे सॉसेजच्या लॅटिन नावावरूनच पडले आहे. मीठ, आंबटपणा आणि कोरडी हवा हे तिघे मिळून त्या विषाला दूर ठेवतात. बाईंना केर्नर ठाऊक नव्हता, पण त्यांच्या आईचा नियम ठाऊक होता: ओला हात भांड्यात घालणाऱ्याच्या हातावर पळी मारायची.

आम्ही पोहोचलो तेव्हा शनिवारची दुपार होती आणि आतडी भरण्याचे काम सुरू होते. आतडी उलटी करून मीठ-शिरक्याने तीनतीनदा धुतलेली. नरसाळ्याचे तोंड आतड्यात घालायचे, अंगठ्याने मसाल्यातले तुकडे आत ढकलायचे, हवा राहिली तर सुईने टोचायचे आणि दोन-दोन इंचांवर दोऱ्याची गाठ मारायची. आम्हांला दोरा कापण्याचे काम मिळाले. पाळकाच्या हाती सुरी दिली तर तो प्रवचन करीत बसतो, असे बँकेतल्या त्या तरुणाच्या पत्नीचे मत पडले. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. मास्तर शाळेतल्या गमती सांगत होते, दुसऱ्या जोडप्याचे तान्हे बाळ पाटावर झोपले होते, आणि गोव्याच्या जेवणापेक्षा वसईचे जेवण श्रेष्ठ कसे यावर आम्ही आणि मास्तर मिळून बाईंशी भांडत होतो. सेमिनरीतून बाहेर पडल्यापासून अशा स्वयंपाकघरातल्या दुपारी आमच्या वाट्याला फार थोड्या आल्या आहेत. त्या दिवशी आम्ही फार सुखात होतो, हे येथे नोंदवून ठेवतो.

एकच गोष्ट खटकत होती. एवढ्या उजेडाच्या दिवशी दिवा लावावा लागला होता. शेजारच्या अंगणाकडची खिडकी बंद होती आणि वर चादर ठोकली होती.

शेजारचे घर आबांचे. हेही घर त्यांचेच, मास्तर भाडेकरू. आबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात चार पिढ्या मांस-मद्याला शिवलेल्या नाहीत आणि गडाच्या पालखीबरोबर दरसाल पंढरपूरची वारी. दोन्ही घरांचा जिव्हाळा असा की बाईंना रात्रपाळी असली म्हणजे मास्तरांचे जेवण आबांकडून यायचे. रोज सकाळी आबा मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसत आणि बाईंच्या हातचा चहा घेत. शिरक्याचा आणि मसाल्याचा वास त्यांच्या घरात जाऊ नये म्हणून ती चादर होती.

दाराची कडी वाजली. बाईंनी दार हातभर उघडले. आबांची नात हुरड्याचे ताट घेऊन उभी होती. शेतात आगटी पेटली होती. कोवळा, गरम, हिरवा हुरडा, बाजूला लसणाची चटणी आणि गुळाचा खडा.

"काकू, आज्जीनं धाडलाय. फादर आल्याती म्हणून." आणि बाईंचे हात पाहून, "काय करायलात?"

"लोणचं घालतोय," बाई म्हणाल्या.

पोरगी आनंदली. "आबाला लई आवडतंय लोणचं. दोन फोडी द्या की."

क्षणभर कोणी हलले नाही. मग बाई आत गेल्या, हात धुतले, फडताळातल्या जुन्या बरणीतून लिंबाचे लोणचे वाटीत काढले आणि पोरीच्या हातात दिले. दार लागले. आम्ही पुन्हा दोरा कापू लागलो, पण आता कोणी बोलत नव्हते. हुरडा निवून गेला. आम्ही त्यातला घासभर तोंडात टाकला आणि तो गिळवेना.

आता वाचक म्हणतील, एवढे काय झाले? म्हातारा दुखावला जाऊ नये म्हणून एका भल्या बाईने चार शब्द वेगळे सांगितले. शिवाय मीठ, आंबट आणि मसाल्यात मुरवलेला पदार्थ म्हणजे लोणचेच की! रात्री दिवा मध्ये ठेवून आम्ही सारे बसलो तेव्हा मास्तरांनी नेमका हाच युक्तिवाद केला. पुण्याच्या पेपल सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला या युक्तिवादाचे जुने नाव शिकवले होते. शब्द असे योजायचे की ते आपल्या मनातल्या अर्थाने खरे ठरावेत आणि ऐकणाऱ्याने मात्र भलताच अर्थ घ्यावा. सतराव्या शतकात काही धर्मपंडितांनी ही पळवाट इतकी रुंद केली की पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली तिचा निषेध केला. संत ऑगस्टीन तर आणखी कठोर. त्यांनी सुमारे ३९५ साली असत्यावर ग्रंथ लिहिला, त्यात असत्याचे आठ प्रकार मोजले आणि आठही त्याज्य ठरवले, कोणाच्या कल्याणासाठी बोललेलेसुद्धा. संत थॉमस अक्वायनस असत्याला मुभा देत नाहीत, परंतु सत्य शहाणपणाने झाकून ठेवण्याला देतात. या भेदावर आमची श्रद्धा आहे. खिडकीवरची चादर हे झाकणे होते. शेजाऱ्याच्या नाकाला त्रास होऊ नये म्हणून पडदा ओढणे यात आम्हांला पाप दिसत नाही, उलट त्यात सभ्यता आहे. 'लोणचं' हा शब्द मात्र झाकण राहिला नाही. पोरीने त्यावर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासावर वाटी पुढे केली. पहिल्या असत्याला दुसऱ्या असत्याची फोड द्यावी लागली.

मग प्रश्न आला, आता काय करावे? बँकेतला तरुण म्हणाला, चोरीस करणेच बंद करावे. त्याने संत पौलाचा आधार घेतला. करिंथ शहरात बाजारातले मांस बहुधा मूर्तींना वाहिलेले असे; ते खावे की नाही यावर नवख्रिस्ती मंडळीत वाद होता. इ.स. ५५ च्या सुमारास पौलाने त्यांना लिहिले की मूर्तीला अस्तित्वच नसल्याने मांसात दोष नाही, पण आपल्या खाण्याने एखाद्या बंधूचा विवेक ठेचकाळत असेल तर आपण मांसच वर्ज्य करू. सुंदर वचन आहे, आणि त्याचा अर्थ सरळ आबांना लावण्याचा मोह आम्हांलाही झाला. पण ते लागू पडत नाही. पौलाच्या लेखी तो बंधू 'दुर्बळ' आहे: आपले पाहून तोही खाईल आणि मग त्याचे मन त्याला खाईल, ही पौलाची भीती. आबांचा विवेक दुर्बळ आहे असे म्हणण्याचे धाडस कोण करील? मास्तरांच्या घरी चोरीस झाले म्हणून आबा उद्या मांस खातील ही शक्यता शून्य. वारीत अठरा-वीस दिवस चालणाऱ्या आणि एकादशी न चुकवणाऱ्या त्या माणसापुढे शुक्रवारचा मांसत्याग विसरणारे आम्हीच दुर्बळ ठरतो. आबांच्या बाबतीत प्रश्न त्यांच्या श्रद्धेच्या रक्षणाचा नव्हताच. प्रश्न होता त्यांच्या आमच्यावरील विश्वासाचा.

आणि त्यागालाच धर्म मानावे, तर आपला इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. रॉबेर्तो दे नोबिली १६०६ साली मदुरेला पोहोचले आणि तेथील उच्चवर्णीयांत राहण्यासाठी त्यांनी मांस सोडले. तेव्हा त्यांच्यावर टीका करणाऱ्यांत त्यांचेच सहकारी होते. पंडिता रमाबाईंचा स्नानसंस्कार १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला, पण त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि तेथील काही मंडळींना त्यात जातीचा अभिमान शिल्लक राहिल्याचे दिसले. याउलट पोर्तुगीज गोव्यात, १५६० साली आलेल्या धर्मन्यायालयाच्या काळात, माणसाच्या ताटात डोकावून त्याची श्रद्धा मोजली जाई. १७३६ च्या फर्मानाने बिनमिठाचा भात शिजवण्यासारख्या जुन्या घरगुती चालीसुद्धा वर्ज्य ठरवल्या. भात आळणी की खारट यावर आत्म्याचे तारण ठरवणाऱ्या त्या अधिकाऱ्यांचा विचार मनात आला की आम्हांला लाज वाटते. ताटाकडे पाहून माणूस ओळखण्याची खोड कोणा एका धर्माची नाही.

आम्ही सल्ला दिला तो असा: मास्तरांनी आणि बाईंनी आबांकडे जाऊन खरे ते सांगावे आणि पोरीला खोटे सांगितल्याबद्दल क्षमा मागावी.

तोवर कोपऱ्यात गप्प बसलेले आमचे वृद्ध धर्मशिक्षक एकदम उठले. ते त्याच गावचे. त्यांच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर राहावे लागे. ते म्हणाले, "फादर, माझ्या आज्याला याच गावात वरून ओंजळीत पाणी वाढत. का, तर म्हणे हे मेलेलं जनावर खातात. आमच्या खाण्यावरनंच आम्हांला माणसातनं उठवलं. आणि आता आपण जाऊन म्हणायचं, माफ करा, आमच्या घरात डुक्कर शिजलं?"

याला चटकन उत्तर देता आले असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. बाईंचे आणि मास्तरांचे खाणे ही त्यांची आवड होती, ते झाकले काय आणि उघडले काय, गावात त्यांचा मान ठरलेला होता. धर्मशिक्षकांच्या घराण्याला खाणे झाकण्याची सोयच नव्हती. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी हजारोंनी ओंजळीत घेतले, ते या 'वरून वाढण्या'च्या विरुद्ध. मग आबांची माळ ही व्रताची माळ समजावी की त्या जुन्या विटाळाची? आम्ही त्यांना पेत्राच्या दृष्टांताची आठवण दिली. यापोच्या घराच्या धाब्यावर पेत्राला आकाशातून उतरणारी एक चादर दिसली, तिच्यात सर्व प्रकारचे प्राणी होते आणि मारून खाण्याची आज्ञा झाली. पेत्र तीनदा चक्रावला. पण नंतर कर्नेल्याच्या उंबरठ्यात उभे राहून त्याने त्या दृष्टांताचा जो अर्थ सांगितला त्यात प्राण्यांचा उल्लेखही नाही: कोणत्याही माणसाला अपवित्र म्हणू नये, एवढेच देवाने मला दाखवले, असे तो म्हणाला. मांस न खाणे हे ज्याचे त्याचे व्रत. ते त्याच्या स्वतःच्या ताटापुरते असते. विटाळ दुसऱ्याच्या देहावर ठेवलेला असतो. आबांचे व्रत पहिल्या जातीचे असेल तर त्याचा मान ठेवू, दुसऱ्या जातीचे निघाले तर त्यापुढे वाकू नये. आणि क्षमा मागायची ती डुकराबद्दल मागायची नाही, असत्याबद्दल मागायची.

"आणि ते कोणत्या जातीचं आहे ते कसं कळायचं?" धर्मशिक्षकांनी विचारले.

सांगितल्याशिवाय कळणार नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांची आम्हांला त्या रात्री आठवण झाली. बीडच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातच त्यांचे संसाराचे रामायण घडले. पती ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी सोवळे सांभाळले, आणि मग माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे स्वतःच्या मनाशी उमगले तेव्हा त्यांनी ते टाकले. त्यांचा स्नानसंस्कार पुढे १९०० साली झाला. कोणी त्यांच्या हातून ते ओढून घेतले असते तर त्यांनी ते अधिकच घट्ट धरले असते, असे आम्हांला वाटते.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर मास्तर आणि बाई आबांकडे गेले. आम्हीही गेलो, पण बोललो नाही. बाईंनी सारे सांगितले. आबा अंगणातल्या बाजेवर बसून ऐकत होते. त्यांनी कपाळाला आठी घातली नाही, आवाज चढवला नाही. बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, "तुमचं खाणं तुमच्यापाशी. लेकराला खोटं नव्हतं सांगायचं." आणि थोड्या वेळाने, "सांडपाणी आमच्या तुळशीकडनं जातंय. त्येवढं बगा."

मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी गवंडी लावून सांडपाण्याची वाट फिरवली. चोरीस दहा-बारा दिवस पडवीत सावलीला वाळले. मराठवाड्याची कोरडी हवा त्यांना गोव्याच्या हवेपेक्षा मानवली, असे बाई म्हणतात. पण आबा सकाळच्या चहाला यायचे थांबले. जेवणाचा डबा येत राहिला, पोर येत राहिली, दवाखान्यात बाईंचा शब्द आबा पूर्वीसारखाच मानत राहिले. ओट्यावरची जागा मात्र रिकामी. महिन्याने आम्ही गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "फादर, तुम्ही खरं सांगायला लावलंत. माझा रोजचा एक कप चहा गेला." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून ते अधिक लागले. इमान्युएल कांट या तत्त्ववेत्त्याने १७९७ साली असे प्रतिपादन केले की सत्य बोलल्याने जे होईल त्याचा दोष सत्य बोलणाऱ्यावर येत नाही. कांटला बाईंच्या ओट्यावर बसून हे म्हणता आले असते का, याची आम्हांला शंका आहे.

तो न घेतलेला चहा व्रताचा होता की विटाळाचा, हे आम्ही फार दिवस मनात घोळवले. ज्या भांड्यांना ते मांस लागते त्याच घरातले दूध आपल्या तोंडी लावू नये, असे माळकऱ्याला वाटणे समजू शकते. धर्मशिक्षकांना ते समजत नव्हते, आणि त्यांना समजावण्याचा अधिकार आमच्यापाशी नव्हता. ते म्हणत, "आता बाईंनाही कळलं, वरून पाणी वाढतात म्हंजे काय." त्यात कडवटपणा होता, पण बाई त्यानंतर त्यांच्या वस्तीतल्या घरी प्रथमच चहाला गेल्या, हेही आम्ही पाहिले. पाच वर्षे त्या गावात राहून तोवर त्या तेथे केवळ इंजेक्शन द्यायला जात असत. त्या घरातला चहा आम्ही कैक वेळा घेतला होता आणि बाईंना कधी बरोबर नेले नव्हते, ही आमची चूक त्या दिवशी आमच्या ध्यानात आली.

पुढच्या वर्षी पौष सरता सरता आबा आपण होऊन ओट्यापाशी आले. बसले नाहीत. मास्तरांना म्हणाले, "तुमचं ते कवा करणार? दिस आधी सांगा. त्या दिशी म्या गडावर मुक्कामाला जाईन म्हंतो. आन् एकादशी तेवढी टाळा."

आम्ही त्या महिन्यात गेलो तेव्हा बाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरची दोन्ही कॅलेंडरे खाली उतरवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती, एक धर्मप्रांताचे आणि एक कालनिर्णय. धर्मशिक्षक चष्मा सावरून कालनिर्णयातल्या तिथ्या वाचून दाखवत होते आणि बाई पेन्सिलीने खुणा करीत होत्या. शुक्रवार नको, एकादशी नको, बाईंची रात्रपाळी नको, आणि राखेचा बुधवार उजाडायच्या आत सारे वाळून झाले पाहिजे. खिडकी उघडी होती.